शेवटी झाड

उंबराचं चित्र करताना मी झाड सगळ्यात शेवटी काढते. आधी वारूळ, मग मुळं, मग त्यांच्याखालचं पाणी.

हा क्रम मला वराहमिहिराकडून मिळाला. सहाव्या शतकातल्या त्याच्या ‘बृहत्संहिते’त ‘दकार्गल’ हा अख्खा अध्याय जमिनीखालच्या पाण्यावर आहे. कोणतं झाड, त्याच्या कुठल्या बाजूला वारूळ, पाणी किती ‘पुरुष’ (माणसाच्या उंचीचं माप) खोल, असा सगळा हिशेब. त्यातलं प्रत्येक माप खरं ठरेल असं मी मानत नाही. पण झाड, वाळवी आणि पाणी एकाच नजरेत धरणारा तो माणूस मला फार जवळचा वाटतो.

मी कांदिवली पूर्वेला राहते. आमची पोयसर नदी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावते आणि वस्तीत शिरली की लोक तिला नाला म्हणतात. मी रंगवते ते वरचं रान, ओढ्याकाठचे उंबर.

उंबराची फुलं फळाच्या आतच असतात. चिलटाएवढी गांधीलमाशी टोकाच्या छिद्रातून आत घुसते, अंडी घालते, तेवढ्यात परागीभवनही होतं. तिच्याशिवाय उंबराला बी धरत नाही आणि उंबराशिवाय तिचा वंश चालत नाही. छायाप्रकाशाने फळाचा गोलावा साधतो. आत चाललेलं हे सगळं कसं दाखवायचं?

वाट दाखवली वारली चित्रांनी. तिथे घराची भिंत आड येत नाही, आतली माणसं नि बाहेरचं शेत एकदमच दिसतं. डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांचं मासेमारीचं जाळं पाहा. चित्रभर बारीक रेघांचं जाळं पसरलंय आणि त्यापुढे माणूस इवलासा. माणसाला पाण्याशी जोडणारी वस्तू त्यांनी सगळ्यांत मोठी केली. मला चित्रकलेतलं याहून मोठं शिक्षण मिळालेलं नाही.

साहित्यही मी तिथलंच घेतलं : गेरू, तांदळाचं पीठ, डिंक, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. पिठाचा पांढरा ओला असताना जेमतेम दिसतो, वाळल्यावर उजळतो. त्यामुळे रेघ ओढताना ती कशी उमटतेय हे कळत नाही, हातावर भरवसा ठेवावा लागतो. जमिनीखालचं पाणी रंगवायला मला हेच माध्यम योग्य वाटतं. लग्नाचा चौक मात्र मी कधीच काढत नाही. पालघाट देवीचा तो चौक वारली सवाशिणींचा आहे, तो त्यांच्याच हातचा राहावा.

तुमच्या सोसायटीत उंबर असेल, तर फळं पडून अंगण घाण होतं म्हणून तो तोडू देऊ नका. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतायला कुणी आलं तर थांबवा, आणि भोवतालची माती पाणी मुरायला मोकळी ठेवा.