तिथीच्या हिशेबाने

मुंबईत जुन्या वस्त्या चालत दाखवण्याचा रिवाज आता चांगला रुळला आहे. रविवारी सकाळी गिरगावात खोताची वाडी गाठलीत, तर अरुंद बोळात एखादा घोळका हमखास भेटतो. पुढे माहिती सांगणारी एक तरुण मुलगी, मागे माना वर करून लाकडी जिने आणि नक्षीदार कठडे बघणारी मंडळी. दादोबा वामन खोतांनी इथल्या जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना दिल्या, त्यातून ही वाडी उभी राहिली, असं सांगणं चाललेलं असतं. मला या फेऱ्या मनापासून आवडतात. ज्या शहरात कुणाला थांबायला सवड नाही, तिथे तासभर कुणीतरी घरांकडे बघत चालतंय, हेही थोडं नाही. तरी घोळक्यात एक उणीव राहतेच. वीस जणांना ऐकू जाईल असंच सांगावं लागतं, आणि सांगण्यासारखं पुष्कळसं हलक्या आवाजातच सांगता येतं. एकाने सांगावं, एकाने ऐकावं आणि दोघांची पावलं आपोआप एका लयीत पडावीत, अशी फेरी मला मिळाली ती आजोळी, वरोरला.

वरोर डहाणू तालुक्यातलं, चिंचणीच्या उत्तरेचं, समुद्राला टेकलेलं गाव. वाणगाव स्टेशनवर उतरून पश्चिमेची वाट धरायची. इथे दाखवण्यासारखा वाडा नाही की बुरूज नाही. वाट दाखवणारे होते माझे मामा. त्यांचे वडील समुद्रावर जायचे. मामा मात्र तरुणपणीच दागिन्यांचे डाय कोरायच्या कामाला बसले आणि डोळे साथ देईनासे होईपर्यंत बसूनच राहिले. फेरीची वेळ त्यांनी तिथीवरून ठरवली.

“उद्या पंचमी. पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेनऊला पाणी पार खाली. नवाच्या आत बंदरावर ये.”

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हा हिशेब. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. चंद्र रोज साधारण पाऊण तासाने, किंचित जास्तच, मागे पडतो आणि पाणी त्याच्या मागे मागे जातं. पावकी, निमकी, पाऊणकी शाळेतून कधीच उठल्या. इथे पाऊणकी अजून पोटापाण्याची आहे, कारण होडी कधी पाण्यावर तरंगेल आणि खडकावरून कधी परत फिरायचं हे त्या पाढ्यावर ठरतं. मोबाइलवर भरतीची वेळ दिसते हे मामांना ठाऊक आहे. तरी ते आधी तोंडाने गुणतात आणि मग नातवाला मोबाइल बघायला सांगतात.

साडेनऊला समुद्र खरंच दूर गेला होता. होड्या चिखलात कुशीवर कलल्या होत्या आणि एरवी पाण्याखाली असणारा खडकाळ प्रदेश उघडा पडला होता. काळा, खवल्याखवल्यांचा, जागोजाग पाणी धरून बसलेला. मी आजवर ओहोटी बघितली होती ती कठड्यावर बसून, भरतीची वाट बघत. मामा थेट खडकावर उतरले. “चप्पल काढू नकोस, कालवं कापतात,” म्हणाले. पुढे काही बायका उकिडव्या बसून टोकदार लोखंडाने कालवं फोडत होत्या. डब्यात पडणारा एकेक गर पांढुरका, नखाएवढा. एकीने डबा तिरका करून आम्हांला आतलं दाखवलं. सकाळपासूनचं काम, आणि तळ जेमतेम झाकलेला. होडी नाही, जाळं नाही, इंजिनाचं डिझेल नाही. तरी घर चालवणारी ही मासेमारी आहे आणि ती बहुतेक बायकांच्या हातात आहे. समुद्र म्हटलं की आपण शीड, वल्हं आणि पापलेट आठवतो. पाण्याच्या दोन फेऱ्यांमधल्या या काही तासांच्या जमिनीवर किती चुली पेटतात, हे खडकावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

मामा एकेका खडकाकडे बोट करून नाव सांगत होते. कुठला कुठल्या माणसाच्या नावाचा, कुठला आकारावरून, कुठल्याचं नाव का पडलं हे त्यांच्या वडिलांनाही माहीत नव्हतं. गावात जशा आळ्या, तशी ही पाण्याखालची वस्ती. नावं आहेत, शेजार आहेत, अमक्याच्या उजवीकडून जाऊ नये असे नियम आहेत. माझ्या मते ऐतिहासिक वस्ती म्हणायला याहून अधिक काही लागत नाही. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली, नाव ठेवलेली, तोंडी सांभाळलेली जागा. फक्त दिवसातून दोनदा ती झाकली जाते.

किनाऱ्यावर परतताना वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले होते, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून, बांबूच्या दोन्ही बाजूंना सोडलेले. मामांनी एक जोडी उतरवून मला हाताने अडकवायला लावली. दात बारीक, आतल्या बाजूला वळलेले; एकदा बसले की वाऱ्याने सुटत नाहीत. निसर्गानेच दिलेला आकडा असताना दोरी कोण बांधतो!

मग गावातली गल्ली, आणि त्यांची जुनी खोली. वरोर, वाढवण, चिंचणी या पट्ट्यात घरोघरी डाय कोरले जातात. सोन्याचांदीच्या दागिन्यांवरची नक्षी उठते ती या डायमधून, आणि मुंबईच्या झवेरी बाजारातल्या काचेआड ठेवलेल्या दागिन्यामागे अशा एखाद्या खोलीतली खिडकी असते. खोलीत खिडकीशी बसकं टेबल, त्यावर शिकंजा, ओळीने लावलेल्या छिन्न्या, काहींची टोकं सुईपेक्षा बारीक. मामांनी पोलादाचा एक ठोकळा माझ्या तळहातावर ठेवला. काडेपेटीपेक्षा लहान, पण हात खाली जाईल इतका जड.

“डोळे मीट. बोटाने सांग काय आहे.”

बोटाला एक वळण लागलं, मग लहान लहान खड्डे, मग पुन्हा वळण. मला काही ओळखता येईना. त्यांनी शिशाचा मऊ तुकडा त्यावर दाबला आणि उलटा केला. कोयरी! टोकाला वळलेली, पोटात दाण्यांची रांग असलेली. डायमध्ये जिथे खोल तिथे दागिन्यात उंच, इथे डावं तिथे उजवं. कोरताना सगळं उलटं मनात धरावं लागतं आणि छिन्नी एकदा जास्त खोल गेली की ठोकळा फुकट. दाण्यांची ती रांग त्यांनी कोरली तेव्हा माझ्या आईचं लग्न ठरत होतं, आणि तिच्या कानातल्या कोयऱ्या याच ठोकळ्यातून उठल्या होत्या. आईने ते कधी सांगितलं नव्हतं. बहुधा तिलाही माहीत नव्हतं, कारण मामांनी ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आता संगणकावर चालणारी यंत्रं हेच काम झपाट्याने करतात. मामांना त्याचा राग नाही. यंत्राची रेघ सरळ येते, एवढंच म्हणाले, आणि ते कौतुक होतं की तक्रार हे मी विचारलं नाही.

दुपारी चिंचणीला गेलो. 1955 साली या गावात काही ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचले आणि या किनाऱ्याचा हजार वर्षांपूर्वीचा चेहरा समोर आला. त्यातला राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला पट शके 848 चा, म्हणजे इसवी सन 926 चा आहे. संजाणचा प्रदेश तेव्हा राष्ट्रकूटांच्या वतीने सांभाळत होता मधुमती नावाचा अधिकारी, आणि तो ताजिक, म्हणजे अरब होता. मधुमती हे मोहम्मद या नावाचं संस्कृत रूप. त्याने दोन प्रवाहांवर फुकट तर, म्हणजे पैलतीरी नेणारी होडी, चालू केली, आणि वाटसरूंसाठी अन्नछत्र घातलं, जिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. भगवतीच्या मठिकेच्या डागडुजीसाठी आणि नैवेद्यासाठी जमीन दिली गेली ती त्याच्याच संमतीने.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं. या एका ठिकाणी आमच्या भूमिका बदलल्या. मी सांगत होते आणि ते ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “तर फुकट, मग तांडेलाचा पगार कोण देत होता?” इतिहासाच्या पुस्तकात मी हा प्रश्न कुठे वाचला नव्हता, आणि ज्याच्या घरी होडी होती त्यालाच तो सुचावा हे योग्यच होतं. ती तर संजाणकडच्या पाण्यावरची, आमच्या समोरच्या खाडीवरची नव्हे. पण पूल होण्याआधी पैलतीरी जायचं म्हणजे काय, हे त्या प्रश्नाने क्षणात कळलं. राजे, मांडलिक, पदव्या यांच्या लांबलचक ओळींतून मला त्या ताम्रपटात सर्वांत खरा वाटतो तो हा भात आणि ही तर. दूरदेशीच्या धर्माचा एक माणूस इथे अधिकारी झाला आणि त्याने पहिल्यांदा बघितलं ते लोक पाणी कसे ओलांडतात आणि ओलांडल्यावर जेवतात कुठे, हे.

खाडी ओलांडली की तारापूर. किल्ला पोर्तुगीजांचा, जानेवारी 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तो घेतला आणि त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. बाजीरावांनी त्यांच्या आईला सांत्वनाचं पत्र पाठवलं होतं. पुढे किल्ला विकाजी मेहेरजी या तारापूरच्या पारशी घराण्याकडे इनाम आला. आत आता झाडी आहे, वाडी आहे. आम्ही तटाच्या बाहेरून फिरलो, मामांनी एका चिऱ्यावर हात ठेवून सांध्यातला चुना नखाने खरवडून बघितला आणि “चांगला बसवलाय” म्हणून पुढे निघाले. किल्ल्याबद्दल त्यांच्याकडे एवढंच होतं आणि तेवढं पुरे होतं.

दक्षिणेकडे अणुऊर्जा केंद्र. 1969 साली तिथे देशातली पहिली अणुवीज तयार होऊ लागली. पुढे विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. ती नावं आता पुनर्वसनाच्या वसाहतींवर आहेत. नाव हलवता येतं, ओहोटीला कुठून उतरायचं ही वाट हलवता येत नाही. मामांचा आवाज इथे पहिल्यांदा चढला, कारण आता पाळी आमच्या बाजूची आहे. डहाणू तालुका 1991 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. 1998 साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने वाढवणचं नियोजित बंदर नाकारलं. आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये त्याच बंदराची पायाभरणी झाली: 76,200 कोटींचा प्रकल्प, समुद्रात 1,448 हेक्टरांचा भराव, आणि वरोरपासून तव्यापर्यंत 32 किलोमीटरचा महामार्ग. गावागावांच्या भिंतींवर ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ लिहिलेलं आहे. नोकऱ्या येतील म्हणणारेही गावात आहेत, आणि पोरगा घरी बसलेल्या आईबापांना ते म्हणण्याचा हक्क आहे. माझं मन कुठे आहे हे लपवण्यात अर्थ नाही. सकाळी त्या बायकांचा डबा बघितल्यावर मी भरावाच्या बाजूने बोलू शकत नाही. त्या खडकांची नावं सातबाऱ्यावर नाहीत, त्यामुळे नुकसानभरपाईच्या यादीतही कालवांच्या डब्यासाठी रकाना सापडणं कठीण आहे.

परतीच्या रिक्षात मी वही काढली आणि सकाळची नावं आठवून लिहू लागले. निम्मी चुकली. मामांनी वही घेतली, खोडलं, आणि कागदावर किनाऱ्याची रेघ ओढली. डाय कोरलेला हात. रेघ एकदाच, न थरथरता. एकेक खडक ठिपक्याने मांडला. काही ठिपक्यांवर ते थांबले. पंचमीचं पाणी तिथवर खाली जात नाही, म्हणाले. ते दिसतात अमावस्येच्या उधाणाला, पहाटे सहाच्या ओहोटीत. शिवाय दोन नावांबद्दल त्यांची खात्री नव्हती, ती शेजारच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या मावशींना विचारायची होती, ज्या आता खडकावर उतरत नाहीत पण किनाऱ्यावर खुर्ची टाकून दिली तर बोट दाखवून सांगतील.

“शाळेतल्या मास्तरांना विचार,” मामा म्हणाले. “पोरं पाठवत असतील तर पाठवू दे. पण चपला घालून. आणि प्रत्येकाने आपली वही आणायची, माझ्याकडे मागायची नाही.”

अमावस्या मंगळवारी आहे. मास्तर हो म्हणाले आहेत. खुर्चीचं मी बघते आहे.