पारख : वाशीच्या भाजीबाजारांतील एक पहांट

उपाहारगृहांत गेल्यावर आपण आचाऱ्याच्या हाताची तारीफ करतों. परंतु त्या हातीं येण्यापूर्वीं भाजी कोणीं पारखली, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं. आमच्याही मनांत तो आला नसता. पण आमचे एक मावसबंधु मुंबईंतील दहाबारा उपाहारगृहांना रोज ताजी भाजी पुरवितात, आणि गेल्या महिन्यांत एका ठिकाणाहून त्यांची कोथिंबीर काळी पडली म्हणून परत आली. "पुन्हां असें झाल्यास हिशेब मिटवूं," असा निरोपही सोबत होता. "दादा, आमचा धंदा एकदां डोळ्यांनीं पाहा, आणि मग दोष कोणाचा तें सांगा," असें त्यांनीं म्हटल्यावरून आम्हीं त्यांजबरोबर वाशीस जाण्याचें ठरविलें.

पहांटे तीनच्या सुमारास दादरहून निघालों. ठाण्याची खाडी ओलांडली कीं वाशी येते. मुंबईचा घाऊक भाजीबाजार पूर्वीं भायखळ्यास भरत असे. १९९६ सालीं तो येथें हलविण्यांत आला. कांदाबटाटा, फळें, भाजीपाला, मसाले व धान्य असे बाजारसमितीचे पांच निरनिराळे बाजार येथें आहेत. सारें शहर झोपेंत असतां येथें मात्र भर दुपारची गर्दी! नाशिक, जुन्नर, सातारा या बाजूंच्या मालमोटारी ओळीनें उभ्या होत्या आणि माथाडी कामगारांची लगबग चालू होती.

आमचे बंधु एका गाळ्यापाशीं थांबले. वरच्या थराकडे त्यांनीं पाहिलेंही नाहीं. हात थेट पाटीच्या तळाशीं घातला. भेंडीचें टोंक मोडून पाहिलें. कट्‌कन मोडलें तर कोंवळी, वांकलें तर जून. तिचा हिरवा रंग फारच चकचकीत वाटला, तेव्हां पातळ पॅराफिनमध्यें भिजविलेला कापूस तिजवर घासून पाहिला. रंग चढविलेला असल्यास तो कापसाला लागतो. कोथिंबिरीच्या जुडीच्या पोटांत बोट घालून ते म्हणाले, "पाहा दादा, ऊब लागते." खुडल्यावरही भाजी श्वास घेत असते व त्यामुळें उष्णता उत्पन्न होते. जुडी आंवळून बांधली व वजनासाठीं वर पाणी मारलें, कीं ती आंतल्या आंत सडूं लागते. त्यांनीं ती जुडी परत ठेविली.

बटाट्याची गोष्ट तर आम्हांस अगदीं नवी होती. फार थंड कोठारांत राहिलेल्या बटाट्यांतील पिठाची कांहीं अंशीं साखर होते, आणि तळतांना तो करपल्यासारखा काळपट होतो. म्हणून काचऱ्यांसाठीं बटाटा घेतांना आमचे बंधु प्रत्येक मालाच्या दोन चकत्या घरीं तळून पाहतात. टोमॅटो व पालेभाजी ते गाडींत एकमेकांपासून दूर ठेवितात; कारण पिकत्या टोमॅटोंतून एथिलीन नांवाचा वायु सुटतो व त्यानें पानें लवकर पिवळीं पडतात.

सहाच्या सुमारास आम्ही ज्या उपाहारगृहानें कोथिंबीर परत केली होती तेथें पोंचलों. कोठारावरील गृहस्थांनीं दोन पाट्या टोमॅटो बाजूला काढले. फळें निरोगी व रसाळ होतीं. मात्र लहानमोठीं व थोडीं वेडींवांकडीं होतीं. आमच्या बंधूंनीं वाद न घालतां तीं उचललीं आणि पुढच्या उपाहारगृहांत सारासाठीं दिलीं. "कोशिंबिरीला घट्ट टोमॅटो हवा, साराला पूर्ण पिकलेला. सारांत आकार कोणास दिसतो?" असें ते म्हणाले. आम्हांस वाटतें, पारख ती हीच. माल चांगला कीं वाईट, एवढेंच पाहून भागत नाहीं. कशासाठीं चांगला, हें ज्यास कळतें तोच खरा पारखी.

तेवढ्यांत आमचें लक्ष चुलीजवळच्या कोपऱ्याकडे गेलें. आदल्या दिवशींची कोथिंबीर तेथेंच, शेगडीच्या धगींत पडली होती! परत आलेल्या कोथिंबिरीचें कोडें तेथें उलगडलें. आमचे बंधु रागावले नाहींत. त्यांनीं एक जुडी सर्वांसमक्ष सोडून दाखविली, आंतून ती थंड व हिरवीगार होती; मग पावतीवर माल घेतल्याची वेळ लिहून त्या गृहस्थांची सही मागितली. ते क्षणभर घुटमळले, परंतु सही केली, आणि जुड्या शीतकपाटांत ठेवण्यास पोऱ्याला सांगितलें.

वाचकांस ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण मागील खेपेचा तोटा आमच्या बंधूंनीं सोसला होता, आणि असा तोटा वरचेवर येऊं लागला तर तो पुढच्या खरेदींत शेतकऱ्याच्या भावांतूनच वसूल होतो. शेवटच्या दाराशीं झालेल्या हयगयीची किंमत अशा रीतीनें पहिल्या हातानें मोजावी लागते. ती एका ओळीनें टळत असेल, तर ती ओळ लिहिण्याचा संकोच कां बाळगावा?

घरीं परतलों तेव्हां मातोश्रींनीं आम्हीं आणलेली मेथी सुपांत ओतली. दोनचार पानांना भोंकें होतीं. "किडीनें खाल्लें, म्हणजे माणसालाही खाण्याजोगें आहे," असें म्हणून त्या हंसल्या आणि निवडावयास बसल्या. पण निवडण्यापूर्वीं जुडीच्या पोटांत त्यांनींही बोट घालून पाहिलें. इतकीं वर्षें त्या तसें करीत आल्या असतील. आमच्या तें लक्षांत मात्र त्या दिवशीं आलें.