गजावरची खूण

दिवाळीत नातवंडे फटाके लावू लागली, की माझे लक्ष त्यांच्या पायांकडे असते. वात पेटवून पोरगे किती पावले मागे सरते, यावरून मी त्याची अक्कल जोखतो. ही खोड मला लावली आमच्या घरच्या ठासणीच्या बंदुकीने.

गोष्ट १९६६ च्या दिवाळीची. मुक्ताईनगरला तेव्हा एदलाबाद म्हणत. पूर्णाकाठच्या आमच्या ज्वारीत रानडुकरे शिरत, म्हणून दादांनी पीकराखणीच्या परवान्यावर ही बंदूक घेतली होती. तिला तयार काडतूस नसे. दारू, चिंध्या, छर्रे असे सारे नळीच्या तोंडातून घालायचे आणि गजाने ठासायचे.

दादांचे नियम कडक होते. बार भरताना विडी नाही, गप्पा नाहीत. दारू काळीच हवी. काडतुसातली बिनधुराची दारू चिमूटभरही चालायची नाही, तिचा जोर ही नळी फोडील. डब्यातून थेट ओतायचे नाही, पितळी मापाने घालायचे. आणि ते माप नळीला सोसेल त्याहून पुष्कळ कमी. टोपी सर्वांत शेवटी.

वसुबारसेच्या दुपारी दादांनी प्रथमच सारे माझ्यावर सोपवले. मी दारू घातली, तोच आईने चकली चाखायला हाक मारली. हात धुऊन परत आलो, दारू घातली, चिंध्या, छर्रे ठासले. टोपी उचलणार, तोच दादा म्हणाले, "गज घाल बरं आत."

गजावर दोन खुणा कोरलेल्या होत्या. एक रिकाम्या नळीची, दुसरी बरोबर भरलेल्या बाराची. गज आत सोडला, तर दुसरी खूण नळीच्या तोंडावर दोन बोटे वर राहिली!

"दोनदा घातली तू."

"नाही दादा, एकदाच. मला पक्के आठवते."

दादा रागावले नाहीत. त्यांनी नळीत पाणी ओतले, दारू भिजू दिली आणि पिळाच्या गजाने चिंध्या ओढून काढल्या. मग म्हणाले, "चुकला, त्याचं काही नाही पोरा. पण तुले पक्कं वाटत होतं ना, त्याचीच भीती धर."

आमच्या जवळच वरणगावला १९६४ साली काडतुसांचा सरकारी कारखाना निघाला. अशा ठिकाणी भरणारा एक, तर तपासणारा दुसरा. घरी बार भरणाऱ्याच्या मागे मात्र कोणी उभे नसते. मापातली दारू कमी ठेवली, तर नळी थोडी चूक सोसते. पण तेच माप दोनदा पडले, तर ती सवलत एका क्षणात संपते. म्हणून गजावरची खूण हवी. तिला चकलीची हाक ऐकू येत नाही.

दादांच्या मागे आम्ही बंदूक ठाण्यात जमा केली. त्या दिवशी टोपी लागली असती, तर आज अंगणात ही नातवंडे दिसली असती का, कोण जाणे.

काल धाकट्याचा एक बाण पेटलाच नाही. तो पुढे वाकणार, तोच मी ओरडलो. तो म्हणाला, "आजोबा, विझलाय, मला पक्कं माहीत आहे!"

मी त्याच्या हातात पाण्याची बादली दिली.