बिनवाटेची टेकडी

घारापुरीला जाणारा माणूस लाँचमधून उतरतो, पायऱ्या चढून लेणी पाहतो आणि परततो. १९८७ साली जागतिक वारसा यादीत गेलेली ही मुख्य लेणी पश्चिमेच्या डोंगरात आहेत. पूर्वेच्या डोंगराकडे क्वचितच कोणी वळते.

पन्नाशी उलटल्यावर मी तो चढलो. उंची म्हणाल तर पावणेदोनशे मीटरच्या आतली. आमची सातपुड्याकडची माणसे त्याला टेकाडच म्हणतील. पण सीताबाईच्या लेण्यापुढे पाऊलवाट काटेरी जाळीत विरली आणि टेकाड एकाएकी उंच झाले. उंची मीटरात मोजावी हे भूगोलाच्या तासापुरते खरे! गुरांच्या खुणा, पावसाच्या पाण्याची घळ आणि डाव्या हाताला ठेवलेला समुद्र, एवढ्या भरवशावर वर गेलो. तिथे जुन्या स्तूपाच्या विटा होत्या. म्हणजे एके काळी इथे माणसांची ये-जा होती, वाटही होती. चालणारे सरले, तशी ती बुजली.

मी बमरोलीचा. खानदेशातून पोटासाठी आलेल्या माणसांनी लूमच्या खडखडाटात सुरतेत मराठी शाळांची वाट पाडली. त्यांची नातवंडे आता गुजराती, इंग्रजी शाळांत जातात. पोटाचा प्रश्न आहे. त्यांना दोष कसा द्यावा? पण दर जूनला पट लिहिताना जाणवते, की वाट कोणी मुद्दाम मोडत नाही. तिच्यावरून जाणे तेवढे थांबते. म्हणून पालकांना मी एवढेच सांगतो : शाळा कुठलीही असो, घरी मुलांशी मराठीत बोला. पायवाटेला तेवढी पावलेही पुरतात.