काळूला पूर आणि टपालाची थैली

चार दिवसांपासून पाऊस हटत नाही. आमच्याकडे काळूच्या काठाला आवणी निम्मी झालीये, उरलेल्या खाचरांत पाणी इतकं की रोप लावलं तर उभं राहत नाही. म्हणून आज पिकाचं नाही, एका माणसाविषयी लिहितोय. आमचा डाकवाला. कागदावर ग्रामीण डाक सेवक. जुनी माणसं अजून ईडी पोस्टमन म्हणतात.

आमचा पट्टा टिटवाळ्यापलीकडचा. मधे काळू नदी, तिच्यावर रुंद्याचा पूल, आणि हा पूल दरवर्षी पाण्याखाली जातो हे ठाणे जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. काळू, भातसा, बारवी सगळ्या अखेर उल्हासलाच मिळतात. वर मुरबाड-शहापूरला झोडपलं आणि खाली कल्याणच्या खाडीला भरती असली की पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. कल्याण-मुरबाड रस्त्यावर रायत्याच्या पुलाची तीच गत. अशा दिवशी दूध, एसटी, शाळा बंद. आणि टपाल पलीकडच्या काठावर.

आता कोणी म्हणेल, मोबाईलच्या जमान्यात टपालाचं काय एवढं? शहरातल्या माणसाला नसेल. पण शेतकऱ्याचा महत्त्वाचा कागद अजून टपालानेच येतो. प्रांत ऑफिसच्या सुनावणीची नोटीस, बँकेचं पत्र, कोर्टाचं समन्स, पोराच्या नोकरीचा कॉल. डोंबिवलीला राहणाऱ्या चुलत्या-पुतण्यांची नावं सातबाऱ्यावर असतात, त्यांचे सह्यांचे कागदही असेच ये-जा करतात. वाईट एवढंच की कागदाच्या मुदतीला पाऊस कळत नाही.

जुलै २०१९ ची गोष्ट. २७ तारखेला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजारावर माणसं बोटीने काढली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याच पावसात आमच्या डाकवाल्याकडे शेजारच्या तात्यांचं रजिस्टर पत्र होतं. पूल बुडालेला. त्याने पलीकडून फोन लावला. तात्या माझ्याच ओट्यावर बसले होते, त्यांनी स्पीकर लावला म्हणून मलाही ऐकू आलं.

"तात्या, तुमचं रजिस्टर आलंय. पाकिटावर प्रांत ऑफिसचा शिक्का हाय."

"मग घेऊन ये ना लेका. आताच एक टेम्पो आला बघ पुलावरून."

"टेम्पो आला असल. मी काय येत न्हाय. पुलावर दोन फूट पानी हाय. पत्र माझ्याजवळ कोरडं हाय, पानी उतरलं की पहिलं तुमच्याकडं येतो. तवर तुमच्या वकिलाला फोन करा, तारीख त्याला ऑफिसात कळंल."

तात्या तापले. सरकारचा पगार घेतो आणि दोन फूट पाण्याला भितो, असं बरंच काही बोलले. मी काही बोललो नाही, पण मनात आलं की बैल घेऊन सुद्धा आपण त्या पाण्यात घालत नाही. वाहत्या पाण्यात दोन फूट म्हणजे गुडघ्याच्या वर, खाली स्लॅब कुठे खचलाय ते दिसत नाही, आणि कठडा म्हणाल तर बुडालेलाच. टेम्पो सुटला हे त्याचं नशीब.

संध्याकाळी तात्यांनी कल्याणला वकिलाला फोन केला. त्याने दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन पाहिलं तर सुनावणी चारच दिवसांवर होती. पत्र तिसऱ्या दिवशी हातात पडलं. युरियाच्या गोणीच्या आतलं प्लास्टिक असतं ना, आपण डोक्यावर खोळ करून घेतो ते, त्यात गुंडाळलेलं. कागदाला पाण्याचा थेंब नव्हता. तात्या तारखेला हजर राहिले. नाहीतर समोरच्याचं म्हणणं ऐकून निकाल झाला असता, आणि मग अपिलात फिरत बसा.

पुरात पोहत जाऊन पत्र देणाऱ्याचे व्हिडिओ लोक फिरवतात, टाळ्या वाजवतात. मला ते आवडत नाही. आमच्या डाकवाल्याने पूल न ओलांडता जे काम केलं, ते मला मोठं वाटतं. पाकिटावरचा शिक्का पाहिला, फोन केला, पुढचा रस्ता सांगितला, कागद कोरडा ठेवला.

२००५ ला हे फोनचं सुद्धा नव्हतं. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तो पाऊस. इकडे फोन मेले, रस्ते तुटले, डोंबिवलीला आमच्या थोरल्या चुलत्यांच्या चाळीत पाणी शिरल्याची बातमी तोंडातोंडी आली आणि पुढे काहीच कळेना. आई रोज ओट्यावर. आठव्या-नवव्या दिवशी त्यावेळचा डाकवाला, आता तो नाही, चिखलातून चालत आला. हातात काकांचं कार्ड. सगळे सुखरूप, धान्य भिजलं, बस. आईने त्याला आधी गरम चहा दिला, मग कार्ड वाचायला सांगितलं.

आता हा माणूस नुसतं पत्र आणत नाही, बँकही आणतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली, आता आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या पैसे मिळतात. पीएम किसानचे दोन हजार, लाडक्या बहिणीचे दीड हजार, म्हातारीला टिटवाळ्याला जावं लागत नाही. पण आवणीत एक वेगळीच अडचण होते. दिवसभर चिखलात हात घालून बायकांची बोटं पांढरी पडतात, सुरकुततात, वरची कातडी झिजते. मशीन ठसाच घेत नाही. दोनदा-तीनदा लाल दिवा. आमचा डाकवाला मग सांगतो, "काकी, आज र्‍हाऊ द्या. रातीला चुलीपाशी हात शेका, तेल लावू नका, सकाळी कामाला जायच्या आधी येतो." बहुतेक वेळा सकाळी लागतो. कृषी खात्यातली, विद्यापीठातली जी मंडळी हे पान वाचतात त्यांना विनंती, तुमच्या नोंदणीच्या, ठशाच्या मोहिमा जुलैत भर आवणीत ठेवू नका.

उन्हाळाही सोपा नाही. एप्रिल-मेमध्ये इकडे पारा चाळिशी ओलांडतो, वाऱ्याचं नाव नाही, आणि हा पाड्यापाड्यांवर सायकल रेटतोय. या नोकरीला शिक्षण दहावी पास आणि सायकल यायला पाहिजे अशी अट असते. म्हणजे माझ्याएवढंच शिक्षण. काम कागदावर चार-पाच तासांचं. २०१८ च्या सुधारणेत चार तासवाल्या डाक सेवकाचं मूळ मानधन महिना १०,००० धरलं, वर महागाई भत्ता. पण पूल बंद असला की लांबचा वळसा पडतो, ते तास कुठे मोजतात?

आपल्या बाजूने करण्यासारखं थोडं आहे ते लिहितो. पत्त्यात गावाबरोबर आपल्या शाखा डाकघराचं नाव टाका. पिनकोड एका गावाचा नसतो, टिटवाळ्याच्या ४२१६०५ खाली कितीतरी गावं येतात. ४२१३०१ लिहिलं की पत्र आधी कल्याण फिरून येतं. पिनकोड ही आपल्याच कोकणातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची कल्पना, १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू, निदान आपण तरी तो बरोबर लिहावा. पत्ता बॉलपेनने लिहा, जेलपेनची शाई एका सरीत वाहून जाते. मोबाईल नंबर घाला, वरचा फोन त्यामुळेच आला होता. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळलंय, तेव्हा "रजिस्टर नाही आलं" म्हणून डाकवाल्याशी भांडू नका, स्पीड पोस्टचं पाकीटही तितकंच जपून उघडा. सही करताना खाली तारीख टाका आणि पाकीट फेकू नका. पुढे कधी मिळालं हे दाखवायला तेच कामी येतं.

आणि पूल बुडालेला असताना फोन करून "येतोस का" असं विचारू नका. तो नाही म्हणेलच असं नाही, लोकांच्या भिडेला माणूस बळी पडतो.

त्याची स्वतःची वीस गुंठे भातशेती आहे, नदीपासून वर. टपाल वाटून आला की तो दुपारनंतर खाचरात उतरतो, बायको आणि म्हातारा बाप सोबत. यंदा बापाचा गुडघा धरलाय. दोन खाचरं राहिलीयेत, रोप पस्तीस दिवसांचं झालंय, आता थांबलं तर फुटवे कमी येतील. रविवारी टपाल नसतं. आम्ही चौघं सकाळी सातला जाणार आहोत, चिखलणीला पॉवर टिलर माझा. अजून दोन-तीन हात आले तर दुपारपर्यंत उरकेल. येणाऱ्याने भाकर घरून आणायची नाही, त्याच्या घरी सांगून ठेवलंय.