वद्य द्वितीयेचा तंबू

आंबिवलीत वेळ सांगायची ती गाडीच्या नावाने. "टिटवाळ्याने येतोय", "आसनगाव गेली का?", "कसारा आज लेट आहे" एवढ्यावर कोण कुठे पोचलंय आणि कुकर कधी लावायचा ते ठरतं. आधीच्या पिढीला मोहन्याच्या कारखान्याचा भोंगा होता. माझ्या सासऱ्यांनी तिन्ही पाळ्या केल्या; भोंगा थांबून इतकी वर्षं झाली, तरी दुपारी तीनच्या सुमाराला ते हातातला पेपर खाली करून क्षणभर कान देतात. असं घड्याळाला जुंपलेलं घर समुद्रावर तंबू ठोकायला निघालं, तेव्हा बेतही घड्याळाबरहुकूमच आखला गेला. शनिवारी सकाळी निघायचं, दुपारी रेवदंडा, रविवारी कोर्लईचा किल्ला, रात्री घरी, सोमवारी परत टिटवाळा. नवऱ्याने तो मोबाईलवर सगळ्यांना धाडला. सासूबाईंना मोबाईलवर वाचायचा कंटाळा. त्यांनी एवढंच विचारलं, "शनवारी तिथ कंची?"

मला वाटलं, उपासाचं विचारतायत. मार्गशीर्ष चालू होता, गुरुवार नुकता झाला होता. मी दिनदर्शिका बघून सांगितलं, वद्य द्वितीया. त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी केलं आणि म्हणाल्या, "रातचे दीडला पानी वर येल. पुनवेचं उधान हाय. तंबू मंगारी लावा."

सासूबाईंचं माहेर कोनचं. कल्याणची खाडी ओलांडली की दुर्गाडीसमोरचं गाव. त्यांचे वडील रेतीच्या होडीवर होते. तेव्हा पंप नव्हते, डुबी मारून बादलीने रेती वर काढायची. सुकतीच्या पाण्याबरोबर खाली जायचं, होडी भरायची आणि भरतीने ती परत कल्याणच्या बंदराला लावायची. ज्याला भरती चुकली त्याने सहा तास चिखलात बसायचं. त्या घरात तिथी देवापेक्षा होडीसाठी विचारली जाई. हिशेब सोपा: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, आली ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अवस झाली की पुन्हा एकपासून.

आठवीतल्या लेकीला हे आजीचं गणित खटकलं. पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे दर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास धरला तर तीन मिनिटं कमी पडतात, पौर्णिमेपर्यंत चूक पाऊण तासावर जाते. तिचं बरोबर होतं. मोबाईलवरच्या तक्त्यातही आजीच्या वेळेपेक्षा थोडा फरक निघाला. आजीला त्याचं काही वाटलं नाही. तीन मिनिटांनी गाडी चुकते, होडी चुकत नाही.

खरं म्हणजे समुद्र आम्हाला इतका परका असायचं कारण नाही. शहाड सुटलं की गाडी ज्या पुलावरून जाते तिथलं उल्हास नदीचं पाणी खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावून कर्जत, बदलापूर करत येतं आणि पुढे कल्याणजवळ खाडी होऊन वसईला समुद्राला मिळतं. उलट्या दिशेने भरती खाडीतून थेट कल्याणपर्यंत वर चढते. म्हणूनच कल्याण बंदर होतं, म्हणूनच शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात दुर्गाडीपाशी केली. पण आम्हाला भरतीची आठवण होते ती फक्त पावसाळ्यात. 26 जुलै 2005 ला नदी घराघरांत शिरली, तेव्हा जो तो विचारत होता, ओहोटी कधी लागणार? धरण, पाऊस आणि भरती एका वेळी आली की पाण्याला जायला वाट उरत नाही, हे त्या आठवड्यात आमच्या भागातल्या लहान पोरांनाही कळलं. नंतर पाणी ओसरलं आणि आम्ही परत गाडीच्या वेळांकडे वळलो.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कल्याणहून एसटीने पनवेल, तिथून अलिबाग. वडखळला नेहमीची कोंडी, कार्लेखिंडीत धाकट्याला नेहमीची मळमळ. अलिबागेत मिनीडोरमध्ये तंबूसकट कोंबले गेलो, तेव्हापासून मात्र हवा बदलली. नागाव, चौल करत जाणारा तो रस्ता दोन्ही बाजूंच्या नारळी-सुपारीच्या वाड्यांमुळे दुपारीही सावलीचा असतो. रेवदंड्यात तो पोर्तुगीजांच्या कोटातूनच गावात शिरतो. 1521 पासून ही त्यांची वसाहत. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी घोडा विकायला म्हणून या चौलच्या बंदरात उतरला होता. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. एवढ्या लांबून माणूस आला तो शेवटी कुठल्यातरी भरतीवरच किनाऱ्याला लागला असणार, असं सासरे म्हणाले. मिनीडोरवाल्याने मागे वळून पाहिलं.

सुरूच्या बनाशेजारी एका वाडीवाल्याने जागा दिली होती: तंबूचे पैसे नाहीत, जागेचे, न्हाणीघराचे आणि जेवणाचे वेगळे. बनापुढे ती काळपट, घट्ट वाळू. चारच्या सुमाराला पाणी ओसरत होतं आणि किनारा रुंद होत चालला होता. आमच्या आधी पोचलेल्या दोन कुटुंबांनी अगदी पुढे, ओल्या वाळूच्या कडेला तंबू लावले होते. फोटोत समुद्र यायला हवा. आमची पोरंही तिकडेच धावली. सासूबाई मात्र उलट्या, बनाच्या दिशेने खाली बघत चालल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. तिथे वाळूवर एक वेडीवाकडी रेघ होती: सुरूच्या काड्या, नारळाची करवंटी, थर्माकोलचे तुकडे, एक डाव्या पायाची चप्पल, जाळ्याचा निळा दोरा. कालच्या रात्रीचं पाणी तिथपर्यंत येऊन गेलं होतं. "हिच्या मंगारी," त्या म्हणाल्या. ही रेघ आम्ही सगळ्यांनीच ओलांडली होती. कचरा म्हणून.

तंबूच्या लोखंडी खुंट्या वाळूत धरत नाहीत. ठोकताना जातात झकास, दोरी ताणली की लोण्यातून सुरी निघावी तशा वर येतात. वाडीवाल्याने रिकाम्या सिमेंटच्या पिशव्या आणून दिल्या. पिशवीत वाळू भरायची, तोंड दोरीने आवळायचं, हातभर खड्डा करून ती आडवी पुरायची आणि वर पाय देऊन वाळू दाबायची. मग कितीही ओढा. धाकट्याने एकट्याने चार पिशव्या पुरल्या आणि पाचवी उगाच पुरली. दार कुठल्या बाजूला ठेवायचं यावर वाद झाला. संध्याकाळी वारा समुद्रावरून येत होता, म्हणून नवऱ्याने दार बनाकडे केलं. भूगोलाच्या पुस्तकातले खारे आणि मतलई वारे लेकीने ऐन वेळी पाठ म्हणून दाखवले, पण तोवर दोऱ्या बांधून झाल्या होत्या. दहानंतर जमिनीवरचा गार वारा थेट तंबूत घुसला आणि सगळ्यांनी कानटोप्या घातल्या.

दीडच्या आधीच जाग आली, आवाजाने. संध्याकाळी लाटा दूरवर कुठेतरी फुटत होत्या, आता त्या उशाशी होत्या. बाहेर आले तर सासूबाई शाल पांघरून आधीच बसलेल्या. चंद्र चांगला वर आला होता, त्याच्या उजेडात पाणी दिसत होतं: ओल्या वाळूची सगळी रुंदी संपलेली आणि फेस त्या काड्याकरवंट्यांच्या रेघेला लागलेला. पुढची दोन्ही कुटुंबं विजेऱ्या लावून गाद्या-भांडी मागे ओढत होती. एका बापाच्या खांद्यावर झोपलेलं पोर होतं आणि हातात स्टोव्ह. नवरा आणि वाडीवाला मदतीला धावले. पावसाळ्यात दुपारची भरती मोठी आणि थंडीत रात्रीची मोठी, हे त्या बापाला कोणी सांगणार? आमच्या तंबूपासून हाताच्या अंतरावर एक लाट आली, थबकली, मागे गेली. पुढची तिच्या अलीकडे थांबली. सासूबाई उठल्या. "फिरलं," म्हणाल्या आणि आत जाऊन झोपल्या. मोबाईलवर बघितलं असतं तर वेळ कळली असती. पण बघायचं सुचलं नाही.

सकाळी साडेसातला समोर भलंमोठं मैदान. रात्रीच्या समुद्राचा मागमूस नाही. ओल्या वाळूवर बारीक बारीक बिळं आणि प्रत्येक बिळाभोवती वाळूच्या गोळ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, किरणांसारख्या ओळींत मांडलेल्या. गुडघ्यांवर बसून बराच वेळ न हलता पाहिलं तर कारागीर दिसतो: नखाएवढा खेकडा. वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्याजोगं चाटून काढतो, उरलेल्याची गोळी करून पायाने मागे ढकलतो, आणि पुढे सरकतो. एक वाट संपली की बिळात जाऊन दुसरी धरतो. पाऊल हललं की गुडुप. दर सुकतीला हे सगळं नव्याने मांडायचं आणि दर भरतीला पुसून घ्यायचं. लेकीने विचारलं, यांना तिथी कशी कळते? मी म्हटलं, आजीला विचार. आजी म्हणाली, त्याला भूक लागते.

कोर्लईचा डोंगर रेवदंड्यातूनच दिसतो, कुंडलिकेच्या खाडीपलीकडे समुद्रात घुसलेला लांबोळा सुळका. साळावच्या पुलावरून वळसा घालून गावात पोचायचं, कोळीवाड्यातून डोंगराच्या कडेकडेने दीपगृहापर्यंत जायचं आणि तिथून पायऱ्या. उंची शंभर मीटरही नाही, अर्ध्या तासात वर. सासूबाई कोळीवाड्यातच थांबल्या. तिथे वलांडीवर बोंबील वाळत होते आणि त्यांना किल्ल्यापेक्षा त्यांत रस होता. कोर्लईच्या ख्रिस्ती वाडीत पोर्तुगीजातून घडलेली एक वेगळीच बोली अजून घरात बोलतात. वाटेत दोन बायका ती बोलत होत्या. सासरे थांबून, मान कलती करून ऐकत राहिले.

वर गड अरुंद आहे, एका तटावरून दुसऱ्या तटाशी बोलता येईल एवढा. एकामागून एक दरवाजे, पडकं चर्च, पोर्तुगीज अक्षरं कोरलेले दगड, गवतात आडव्या पडलेल्या तोफा. निजामशाहीने बांधायला घेतलेला हा गड 1594 मध्ये पोर्तुगीजांनी मोठ्या रक्तपाताने घेतला. 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने या भागाला वेढा दिला, तरी गड पोर्तुगीजांकडेच राहिला. मराठ्यांकडे आला तो 1740 च्या तहाने. पुस्तकात हे वाचताना नेहमी प्रश्न पडे, एवढ्याशा टेकडीसाठी इतकं का? उत्तरेच्या बुरुजावर उभं राहिलं की पडत नाही. डावीकडे उघडा समुद्र, उजवीकडे खाडी, समोर रेवदंडा, आणि मधलं तोंड तोफेच्या टप्प्यात.

साडेदहा वाजले होते, पाणी चढत होतं. खाडीच्या तोंडाबाहेर मासेमारीच्या होड्या इंजिन मंद करून उभ्या होत्या. मग निळं पाणी मातकट पाण्याला मागे रेटत आत सरकताना स्पष्ट दिसलं, आणि त्या एकेक करून त्याच्याबरोबर आत निघाल्या. चारशे वर्षांपूर्वीची गलबतंही इथे अशीच पाण्याची वाट बघत थांबली असतील आणि बुरुजावरचा गोलंदाज ती मोजत बसला असेल. कोणती होडी कधी येणार हे त्याला आधीच ठाऊक. तिथी त्यालाही माहीत असणार, धर्म कुठलाही असो. धाकट्याने होड्यांना हात केला. एका होडीवरून कोणीतरी परत केला.

खाली आलो तेव्हा सासूबाईंकडे बोंबलांची जुडी, सोड्यांची पुडी आणि जवळ्याची पिशवी असा ऐवज जमला होता, वर एका कोळणीशी त्यांचं पुढच्या उन्हाळ्याचंही ठरलं होतं. मुरूडहून आलेली एसटी भरलेली. पिशवी सीटखाली सारली तरी तिने स्वतःची ओळख सगळ्या गाडीला करून दिली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"आजी, बोंबील?"

"हो. का? तिकीट लागतंय?"

"नाय, काय भाव घेतलेत?"

त्यांनी सांगितला. त्याने जोरात मान हलवली. "फसवलं तुम्हाला. थेरोंड्याला यापेक्षा स्वस्त मिळतात."

"थेरोंड्याचा बोंबील बारीक," सासूबाई म्हणाल्या.

"बारीक? आमचं घर आहे तिथे!"

चौल आलं तरी दोघांचं मिटलं नव्हतं, आणि मागच्या सीटवरच्या एका बाईने कंडक्टरची बाजू घेतली होती.