नऊ सामन्यांची आघाडी



भाद्रपद लागला की मी दोन गोष्टी हमखास बघते. एक म्हणजे दशलक्षण पर्व कधी सुरू होतं ते, आणि दुसरी फोनवर अमेरिकेतल्या बेसबॉलचा गुणतक्ता. दुसरीवरून घरात माझी चेष्टा होते. पण या दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकत्र का राहतात, ते आज सांगणार आहे.

सन २०११ मध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी मी बॉस्टनला गेले होते. जावई तिथलेच, अमेरिकन. लग्न आम्हाला पसंत नव्हतं. लग्नाला गेलो, अक्षता टाकल्या, पण मी मन मोकळं केलं नाही. पुढची तीन वर्षं मी त्यांना कसल्याच नावाने हाक मारली नव्हती. ते मात्र पहिल्या दिवसापासून मला 'आई' म्हणायचे.

बाळ रात्री जागायचं. लेकीला झोप मिळावी म्हणून नातीला मांडीवर घेऊन मी बाहेरच्या खोलीत बसायचे. माझं जेवण सूर्यास्तापूर्वीच झालेलं असायचं. साधारण सात वाजता जावई टीव्ही लावायचे आणि रेड सॉक्सचा सामना सुरू व्हायचा. एका हंगामात १६२ सामने, म्हणजे जवळजवळ रोजच एक! खेळ मला कळत नव्हता, पण मी कॉमर्सची पदवीधर. तक्ता मात्र लगेच कळला.

किती सामने जिंकले, किती हरले, आणि पुढच्या संघापेक्षा आपण किती सामने मागे. तुमचा संघ जिंकला आणि प्रतिस्पर्धी त्याच दिवशी दुसरीकडे हरला, तर अंतर एका सामन्याने बदलतं. एकानेच बदल केला तर अर्ध्याने. नातीच्या दुधाच्या वेळा लिहायच्या वहीत मागच्या पानावर मी हाही जमाखर्च मांडू लागले. जावयांनी ती वही पाहिली आणि इतके हसले, की बाळ जागं झालं.

तेव्हा प्रत्येक लीगमधून चारच संघ पुढच्या फेरीत जायचे. तीन आपापल्या विभागातले पहिले, आणि उरलेल्यांत ज्याची कामगिरी सर्वांत चांगली तो चौथा. त्यालाच वाइल्ड कार्ड म्हणतात. ३ सप्टेंबरला, म्हणजे दशलक्षण सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रेड सॉक्स फ्लोरिडाच्या टँपा बे रेजपेक्षा नऊ सामन्यांनी पुढे होते. जावई म्हणाले, "आई, आता काळजी नाही." वही बघून मलाही तसंच वाटलं. महिन्याभरात नऊ सामन्यांची तूट भरून कोण काढणार?

पण अनंत चतुर्दशीपर्यंतच रेजने आपल्या मैदानावर रेड सॉक्सला ओळीने तीनदा हरवलं. समोरासमोरचा सामना हरला की अंतर पूर्ण एकाने कमी होतं. पुढच्या आठवड्यात बॉस्टनच्या फेनवे पार्कवर चारपैकी तीन सामने रेजनेच जिंकले. सप्टेंबरमधल्या २७ सामन्यांत रेड सॉक्सने जिंकले अवघे सात. रोज थोडं थोडं जात होतं. एखाद्या दुकानाचं भांडवल असंच संपतं, कळतं तेव्हा गल्ला रिकामा असतो.

याच दिवसांत क्षमावाणी आली. मी सांगली-कोल्हापूरला फोन लावून सगळ्या नातेवाइकांशी 'उत्तम क्षमा' केली. ज्या जाऊबाईंशी फारसं पटत नाही त्यांनाही फोन केला. फोन ठेवला तेव्हा जावई समोरच बसून बाळाचे कपडे घडी घालत होते. त्यांना मी काहीच म्हटलं नाही. त्यांना यातलं काय कळणार, अशी मी मनाची समजूत घातली.

२८ सप्टेंबर, शेवटचा दिवस. दोन्ही संघ ९० विजय, ७१ पराभव. अंतर शून्य! रेड सॉक्स बाल्टिमोरमध्ये ३-२ ने पुढे, आणि तिकडे रेज यांकीजविरुद्ध ०-७ ने मागे. बाल्टिमोरला पाऊस आला आणि सुमारे दीड तास खेळ थांबला. तेवढ्यात रेजने सात धावांची भरपाई केली. मध्यरात्रीच्या सुमारास बाल्टिमोरचा शेवटचा डाव, दोन गडी बाद, आता एकच गडी हवा. तो मिळालाच नाही. ओळीने तीन फटके बसले आणि रेड सॉक्स ३-४ ने हरले. त्यानंतर तीन-चार मिनिटांत इव्हान लाँगोरियाने बाराव्या डावात चेंडू कुंपणापलीकडे मारला आणि रेज ८-७ ने जिंकले. एका सामन्याने रेड सॉक्सचा हंगाम संपला.

जावयांनी टीव्ही बंद केला. बराच वेळ अंधारातच बसले. मग म्हणाले, "आई, शेवटच्या रात्री नाही हरलो आम्ही. महिनाभर रोज वाटत होतं, उद्या बघू."

नात मांडीवर झोपली होती. मी वहीकडे बघितलं. मीही तीन वर्षं 'उद्या बघू' असंच म्हणत आले होते. मी मोठी, मी सासू, माझी आघाडी आहे, बोलायला वेळ आहे, असंच मला वाटत होतं. उत्तम मार्दवावर दरवर्षी प्रवचन ऐकायचं आणि घरी येऊन ताठ बसायचं.

माझ्या मोडक्या इंग्रजीत मी म्हटलं, "जावईबापू, तुमच्या लग्नात मी नीट वागले नाही. उत्तम क्षमा." मग त्याचा अर्थ सांगितला. ते काही बोलले नाहीत. उठून माझ्या हातातून बाळाला घेतलं आणि म्हणाले, "आई, तुम्ही आता झोपा."

त्या वर्षी विश्वविजेता ठरला सेंट लुईस कार्डिनल्सचा संघ. ऑगस्टच्या अखेरीस तोही दहा सामन्यांनी मागे होता, आणि त्याच शेवटच्या रात्री वाइल्ड कार्ड मिळवून आत आला होता. रेड सॉक्सने दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, विजेतेपद मिळवलं. त्या रात्री जावयांनी मला फोन केला तेव्हा भारतात सकाळ होती आणि मी देवदर्शनाहून नुकतीच परतले होते.

आता बारा संघ पुढच्या फेरीत जातात, त्यामुळे सप्टेंबरची धाकधूक थोडी वेगळी झाली आहे. वही अजून माझ्या कपाटात आहे. क्षमावाणीच्या दिवशी मात्र पहिला फोन बॉस्टनला जातो, सांगली-कोल्हापूरला त्यानंतर.